पाच वेळा धुतलेले पाय

आमची आपा पडघ्याला असते. टिटवाळ्याहून खडवली एकच स्टेशन, तिथून पडघ्याची शेअर रिक्षा. म्हटले तर तासाभराची वाट, पण आमचे जाणे होते ते ईदला, नाहीतर कुणाच्या आजारपणाला. दोन वर्षांपूर्वी शाबान महिन्यात गेलो ते आजारपणालाच. तिच्या डाव्या पायाचे एक बोट काढावे लागले होते.

झाले होते एवढेच, की तिच्या जुन्या चपलेच्या तळातून एक बारीक खिळा वर आला होता. आपाला बारा वर्षांचा मधुमेह. पायाच्या नसा बधिर झालेल्या, त्यामुळे खिळा टोचतो आहे हे तिला कळलेच नाही. आठ-दहा दिवस ती तशीच चालत राहिली. शेतावर गेली, एका लग्नाला जाऊन आली, घरात तर दिवसभर पायावर उभीच. पाय सुजला, ताप भरला, तेव्हा भाच्याने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "मावशी, रोज पाय बघायला सांगितलं होतं ना?" आपा म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दिवसातून पाच वेळा पाय धुते मी. आणखी काय बघायचं?"

हे सांगताना ती स्वतःच हसली. आम्हाला मात्र हसता आले नाही. पाच वेळा वुजू, पाच वेळा पाय हातात, आणि जखम तळव्यालाच होती. धुणे झाले होते, पाहणे झाले नव्हते.

परतीच्या वाटेवर खडवलीच्या फलाटावर गाडीची वाट पाहत बसलो असताना मनात आले, आपण तरी कुठे पाहतो? चाळिशी ओलांडून पाच वर्षे झाली होती आणि आम्ही एकदाही रक्त तपासून घेतले नव्हते. त्याच आठवड्यात तपासले. एचबीए१सी म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी. ती ५.७ च्या खाली असावी, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ आणि वर मधुमेह. आमचा आकडा आला ६.३.

पहिला विचार जो मनात आला तो वाचकांपैकी अनेकांचा असेल: आम्हाला कसे होईल? आम्ही बसून खाणारे थोडेच आहोत! पहाटे चारला उठतो. डबे भरतो. पावणेसहाच्या सुमाराची गाडी पकडून मुंब्र्याला जातो. सातपासून साडेबारापर्यंत वर्गात उभे राहून शिकवतो. पुलाचे जिने चढतो, उतरतो. मंगळवार असला की गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी, आणि अंगारकी आली तर टिटवाळ्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते, त्या गर्दीतूनही वाट काढतो. इतके सगळे करणाऱ्या माणसाला आणखी व्यायाम कशाला?

आमच्या डॉक्टरबाई कमी बोलतात. त्या म्हणाल्या, "टीचर, तुम्ही दमता हे खरं आहे. पण दमणं म्हणजे व्यायाम नव्हे. एक आठवडा वही घाला. काय खाल्लं, किती वाजता, किती चाललात, किती झोपलात. मग बोलू."

वही घालणे हे तर आमचे कामच. मुलांच्या वह्या तपासणारे आम्ही, आता स्वतःची वही लिहू लागलो. खोटे लिहायचे नाही एवढेच ठरवले. आठ दिवसांनी ती वाचली तेव्हा लाल शाईने शेरा मारावा अशीच निघाली.

चहाचेच घ्या. घरी पहाटे एक, स्टेशनात पोचलो तर एक, शाळेत मधल्या सुट्टीत एक, शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत एक, दुपारी घरी एक, मगरिबनंतर एक. सहा कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. एक चमचा म्हणजे सुमारे ४ ग्रॅम, म्हणजे बारा चमच्यांची जवळजवळ ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की प्रौढ माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमवर आणली तर अधिक बरे. आमची ५० तर नुसत्या चहातच संपत होती. खारी, बिस्किटे, शेजारून आलेला शिरखुर्मा हे सगळे त्याच्या वर.

झोप पावणेपाच तास, कधी साडेचार. जेवण रात्री साडेदहाला, कारण मुलांचे अब्बा मुंबईहून साडेनऊ-पावणेदहाला पोचतात आणि सगळ्यांनी एका दस्तरखानावर बसायचे हा आमच्या घरचा शिरस्ता. जेवून अर्ध्या तासात अंथरूण.

आणि पाणी. या रकान्याने आम्ही स्वतःच चकित झालो. पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत आम्ही जेमतेम एक पेला पाणी पीत होतो. कारण लिहायला संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे. गाडीत सोय नाही, स्टेशनातल्या स्वच्छतागृहात पाऊल ठेवायची हिंमत होत नाही, आणि शाळेतल्या स्वच्छतागृहाची कडी कित्येक महिने मोडलेली होती. म्हणून पाणीच प्यायचे नाही, ही युक्ती. शाळेत बोललो तेव्हा कळले की बहुतेक शिक्षिका हीच युक्ती करतात. आणि आमच्या वर्गातल्या मुलीही. पाण्याची बाटली भरून आणतात आणि भरलेलीच घरी नेतात. पोटात दुखते म्हणून मुली घरी जायला मागतात, तेव्हा त्यामागे कधी कधी हेच असते. लघवी तुंबवण्याने आणि पाणी टाळण्याने जंतुसंसर्ग होतो, हे आम्ही पुस्तकात शिकवत होतो. मुख्याध्यापिकाबाईंना भेटून कडी बसवून घेतली. चाळीस रुपयांचे काम होते.

आता यावर उपाय. इथे आमच्या फजितीची हकीकत सांगितलीच पाहिजे, कारण अशा सदरांतून नुसत्या यशाच्याच गोष्टी येतात.

पहिला उपाय आम्ही केला तो सगळेच करतात तसा, जोरात. नवे बूट आणले. पहाटे साडेतीनला उठून अर्धा तास चालायचे ठरवले. नऊ दिवस चाललो. दहाव्या दिवशी मुलाला ताप, अकराव्या दिवशी पाऊस, आणि बूट अजून कपाटाच्या वर आहेत. झोप आधीच पावणेपाच तासांची. तिच्यातूनच आणखी अर्धा तास कापून आरोग्य मिळवायला निघालो होतो.

दुसरा उपाय शिक्षकांच्या खोलीत मिळाला. महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी दीक्षित की दिवेकर हा वाद घराघरांत गाजला होता, तो आमच्याकडे अजून संपलेला नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, आणि ते ५५ मिनिटांत आटपा. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. ऋजुता दिवेकर सांगतात, थोडे थोडे, वेळच्या वेळी, घरचे आणि आपल्या मातीतले खा. आमच्या शाळेत दोन बाके दीक्षितांची आणि एक बाक दिवेकरांचे. आम्ही पंधरा दिवस या बाकावर, पंधरा दिवस त्या बाकावर बसून पाहिले. दोन्हींत आम्हाला शहाणपण दिसले. पण आमच्या हातून दोन्ही मोडले, आणि मोडले ते एकाच कारणाने: आमचा दिवस आमच्या एकटीचा नव्हता. तो गाडीचा होता, शाळेच्या घंटेचा होता, घरातल्या चार माणसांचा होता. आणि त्या दिवसात आम्ही एक नवीन, सुटी, कशालाच न बांधलेली गोष्ट कोंबायला पाहत होतो.

मग आपाचे वाक्य पुन्हा आठवले. पाच वेळा धुते मी.

आपल्या घरांत दिवस आधीच पाच खुंट्यांवर टांगलेला असतो. ताप असो, लग्न असो, पाहुणे असोत, त्या खुंट्या हलत नाहीत. आणि सवय टिकते ती अशा न हलणाऱ्या खुंटीला अडकवली तर. इथे एक गोष्ट स्पष्ट करू. नमाज म्हणजे योगासन आहे, सजद्याने अमुक रोग बरा होतो, असे जे संदेश मोबाइलवर फिरतात ते आम्हाला आवडत नाहीत. नमाज इबादत आहे. तिला औषधाचा कागद चिकटवायची गरज नाही. आमचे म्हणणे एवढेच, की तिच्या वेळा आपल्याकडे आयत्या आहेत. त्यांच्या शेजारी दुसरे लहानसे काम ठेवले तर ते विसरत नाही.

पहिली खुंटी वुजूची, आणि ती ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी. बोटांच्या फटीतून बोट फिरवून खिलाल आपण करतोच. त्याच वेळी चिरा, फोड, ओल जाणवते का ते बघायचे. नंतर फटी कोरड्या पुसायच्या, कारण ओल राहिली की तिथे बुरशी धरते आणि तिथूनच कातडी फाटते. दिवसातून एकदा तळवा उलटा करून उजेडात पाहायचा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवायचा किंवा घरातल्याला दाखवायचा. थंडीत वुजूसाठी पाणी तापवतो तेव्हा ते पायाने चाखायचे नाही, कोपराने चाखायचे. बधिर पायाला भाजलेले कळत नाही. आणि चप्पल घालण्याआधी तिच्यात हात फिरवून पाहायचा. आपाने हे केले असते तर खिळा बोटाला आधी लागला असता.

मुलांचे अब्बा म्हणाले, हे तर आपाला, तुला कशाला? बरोबर होते. आम्हाला बाकीच्या खुंट्या हव्या होत्या.

चालणे आम्ही असरला बांधले. आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम वेगाने चालावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे मार्गदर्शन सांगते. ऐकायला डोंगर वाटतो, पण सातने भागले की रोजची बावीस मिनिटेसुद्धा होत नाहीत. शिवाय सलग दहा मिनिटे चाललात तरच ते मोजायचे, ही जुनी अटही आता उरलेली नाही. पाच मिनिटे चाललात तर पाच जमा. आम्ही असर झाली की काळू नदीच्या बाजूला निघतो. शेजारच्या दोघीही आता येतात. बुरख्यात घाम येतो, कुत्री मागे लागतात, लोक विचारतात, "कुठे निघाल्या?" पहिले पंधरा दिवस या प्रश्नाला आम्ही उत्तर म्हणून कोथिंबिरीची पिशवी सोबत ठेवत होतो. बाईमाणसाने उगाच चालायला बाहेर पडणे अजून लोकांच्या डोळ्यांना सवयीचे नाही. मग पिशवी सुटली.

दुपारची झोप जोहरला बांधली. कैलुला आपल्या घरांना नवा नाही. आमच्या आजीचा तो नेम होता. दुपारी अडीचला नमाज, मग वीस-पंचवीस मिनिटे आडवे व्हायचे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. त्याहून जास्त झोपलो तर रात्रीची झोप उडते, हे आम्ही दोनदा करून पाहिले आहे. रात्री इशानंतर तासाभरात दिवा बंद, असे ठरवले. ठरवले तितके होत नाही. वहीत आता सहा तास दिसतात, कधी पावणेसहा. यापुढे वाढायला गाडीची वेळ बदलावी लागेल.

सगळ्यांत अवघड गेली ती मगरिबची खुंटी, म्हणजे जेवण लवकर करण्याची. ते थोडे सविस्तर सांगतो, कारण खरी अडचण पोटाची नव्हती, मनाची होती.

डॉक्टरबाईंनी सांगितले होते, जेवण आणि झोप यांच्यात दोन-तीन तास ठेवा, आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे शतपावली घाला. जेवणानंतर स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात आणि ती एकदम चढत नाही. म्हणजे साडेसात-आठला जेवायचे. पण मुलांचे अब्बा येणार साडेनऊनंतर. दिवसातला एकच दस्तरखान, जिथे आम्ही चौघे एकत्र बसतो. तो मोडायचा? आम्ही पहिल्यांदा आठला जेवून घेतले त्या रात्री ते एकटे जेवले. काही बोलले नाहीत. भाकरीही अर्धीच खाल्ली. दुसऱ्या दिवशी आम्हीच पुन्हा साडेदहाला जेवलो, आणि असे महिनाभर मागे-पुढे होत राहिले.

तोड निघाली ती शाळेमुळे. आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. सातवीच्या मुलांना 'आमच्या घराचा दिवस' असा तक्ता मराठीतून भरून आणायला सांगितला होता: घरातले कोण किती वाजता उठते, जेवते, झोपते. हेतू एवढाच, की मुलांना वेळ सांगणारी वाक्ये यावीत. अब्बांची वेळ सगळ्यांनी लिहिली. दादींची लिहिली. स्वतःची लिहिली, रात्रीचे बारा, साडेबारा, हातात मोबाइल. अम्मीच्या नावापुढे जेवणाचा रकाना बऱ्याच वह्यांत मोकळा होता. एका मुलाने लिहिले होते, "अम्मी कधी जेवते ते मला माहीत नाही."

शुद्धलेखन अगदी बरोबर होते. काय शेरा द्यावा ते कळेना.

ती वही आम्ही घरी आणली आणि रात्री दस्तरखानावर वाचून दाखवली. आमचा मोठा मुलगा बारावीला आहे. तो म्हणाला, "आमच्याही घरात असंच आहे. तू वाढत असतेस, आणि शेवटी पातेल्यातलं उरलेलं खातेस." हे खरे होते. वाया जाऊ नये म्हणून उरलेला भात, चिमटीभर बिर्याणी, मुलांनी टाकलेले रोटीचे तुकडे असे आम्ही जेवणानंतर दुसऱ्यांदा जेवत होतो, आणि ते वहीत लिहीतही नव्हतो. अन्न वाया घालवणे गुनाह, हे आईने शिकवले होते. पण उरलेल्या अन्नासाठी आपले पोट हीच एक जागा आहे, असे तिने कधी म्हटले नव्हते. फ्रीज आहे, शेजार आहे, दारात मांजर आहे.

मुलांचे अब्बा तेव्हा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, "तुम्ही आठला जेवा. मी आल्यावर फक्त बसा माझ्याजवळ." तेव्हापासून आम्ही आणि मुले मगरिबनंतर जेवतो, आणि ते जेवतात तेव्हा सगळे ताकाचा पेला घेऊन दस्तरखानावर बसतो. बोलणे पूर्वीइतकेच होते. वाढायचे काम धाकटी करते. गेल्या काही महिन्यांत त्यांनीही रात्रीचा भात सोडला आहे, कुणी न सांगता. ऑफिसातून निघतानाच चणे-शेंगदाणे खातात आणि घरी हलके जेवतात.

खाण्याचे आम्ही फार नियम केले नाहीत. चहा तीन कप, साखर अर्धा चमचा. पहिले पंधरा दिवस तो औषधासारखा लागला, आता दोन चमच्यांचा चहा पाहुण्यांकडे प्यावा लागला तर घशाशी येतो. जुम्म्याची बिर्याणी आहे, ती राहील. मात्र तिच्याबरोबर आधी काकडी-कांद्याची कोशिंबीर मोठ्या वाटीने, आणि थंड गोड सरबताची बाटली घरात नाही. सुकट आणि लोणचे कमी केले, कारण मुलांच्या अब्बांचा रक्तदाब वरच्या बाजूला आहे, आणि दिवसाचे सगळे मीठ धरून एका लहान चमच्याच्या, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत राहावे असे सांगतात.

भाजीच्या बाबतीत टिटवाळ्याला राहणे ही चैन आहे. पावसाळा सुरू झाला की खडवली, वाशिंद, शहापूरकडच्या आदिवासी बाया रानभाज्या घेऊन गाडीने येतात. जूनमध्ये शेवळे, मग टाकळा, कुर्डू, करटोली. शेवळे घेताना सोबत काकडे मागून घ्यायची, नाहीतर घसा खाजतो. आमच्याकडे ती खिम्यात करतात, आणि त्या दिवशी खिमा निम्मा लागतो. परतीच्या गाडीत बायकांच्या डब्यात जागा मिळाली की मेथी किंवा टाकळा निवडून होतो. घरी गेल्यावर भाजी निवडायची नसली की ती होते, निवडायची असली की बटाटा होतो. हा अनुभव आमच्या डब्यातल्या सगळ्या जणींचा आहे.

एक गोष्ट रमजानपूर्वी सांगून ठेवायची आहे. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी रोजे सुरू होण्याआधी दीड-दोन महिने डॉक्टरांना भेटावे. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा सहरी-इफ्तारप्रमाणे बदलाव्या लागतात. स्वतःच्या मनाने अर्धी गोळी बंद करणे धोक्याचे. रोज्यात साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा सोडावा, असे मधुमेहतज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासल्याने रोजा तुटत नाही. आणि आजाऱ्याला रोजा पुढे ठेवण्याची सवलत सूरह बकरामध्येच आहे. आपा ही सवलत घ्यायला कधी तयार नव्हती. "लोक काय म्हणतील" असे ती म्हणत नसे, ती म्हणे, "मलाच बरं वाटत नाही." हे वाटणे आम्ही समजू शकतो. पण त्या वर्षी बोटाची जखम भरेपर्यंत तिने रोजे ठेवले नाहीत आणि फिदयाविषयी मौलवीसाहेबांना विचारले. त्यांनी आधी तिलाच विचारले, "डॉक्टर काय म्हणतात?" आम्हाला हा प्रश्न फार आवडला.

तपासणीचेही सोपे आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरायला विचारतात तेव्हा "आमच्याकडे कोणाला काही नाही" असे म्हणून दार लावू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक उंबरठ्यावर, असा अंदाज निघाला. उंबरठ्यावरच्यांना काहीही होत नसते. आम्हालाही काही होत नव्हते. फक्त दुपारी झोप यायची, आणि ती कोणाला येत नाही?

आमचा आकडा सहा महिन्यांनी ६.० झाला. त्यानंतर घरात दोन लग्ने झाली, आणि तो ६.१ झाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चालेल. वही सोडू नका."

आपाच्या घरी आता वुजूच्या नळाखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक हातआरसा भिंतीला टेकवलेला असतो. नातवंडे तिला हसतात. मगरिब झाली की ती आम्हाला फोन करते. खुशाली नंतर विचारते.

"पाय पाहिलेस?"

"आपा, आम्हाला अजून मधुमेह नाही."

"मी तेव्हा काय म्हणाले होते? पाहिलेस का?"

"पाहिले."

"दोन्ही?"

इथे आम्ही फोन कानाला धरून दुसरा पाय वर घेतो.